पाऊण डॉलरची चूक

ऑगस्ट १९८६. कॅलिफोर्नियात, बर्कली विद्यापीठाच्या वरच्या टेकडीवर असलेल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या तळघरात क्लिफर्ड स्टॉल नावाचा नवा माणूस संगणक विभागात रुजू झाला. वय छत्तीस, शिक्षण खगोलशास्त्राचे. दुर्बिणीच्या प्रकल्पाचे पैसे संपले, म्हणून त्याला खाली धाडले होते. दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातात एक किरकोळ काम आले. तेव्हा संगणक वापरला की तासाच्या हिशेबाने आकारणी होई, आणि महिन्याची बेरीज दोन वेगळे प्रोग्राम करत. २,३८७ डॉलरच्या बिलात दोघांचे आकडे जुळेनात. फरक पाऊण डॉलरचा.

हजार डॉलरचा फरक असता तर कारण चटकन दिसले असते. रोजकीर्द लिहिणाऱ्या कोणालाही विचारा, मोठी चूक लगेच सापडते, पण दीड रुपयाची रात्रभर झोपू देत नाही. स्टॉलने दोन्ही प्रोग्राम ओळीओळीने तपासले. बेरीज बरोबर होती. ‘हंटर’ नावाच्या कोणीतरी नऊ सेकंद संगणक वापरला होता आणि बिल पाठवायला त्याचा पत्ताच नव्हता. हंटरचे खाते पुसून टाकले. पण लवकरच बाहेरच्या एका संगणकाकडून तक्रार आली, की तुमच्याकडून कोणी आमच्याकडे घुसू पाहत होते. नोंदीत नाव होते ते प्रयोगशाळेच्या एका जुन्या सहकाऱ्याचे, आणि तो तर इंग्लंडला गेलेला.

मग स्टॉलने जे केले, ते मला या सगळ्या कथेत सर्वांत शहाणपणाचे वाटते. पाळतीचा प्रोग्राम लावला असता तर चोराला तो दिसला असता, पुसताही आला असता. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर त्याने सहकाऱ्यांच्या टेबलांवरचे प्रिंटर आणि टर्मिनल उचलून आणले आणि बाहेरून येणाऱ्या पन्नास फोनलाइनींना एकेक जोडून टाकले. त्याच पसाऱ्यात जमिनीवर तो झोपला. त्यातल्या एका प्रिंटरने ऐंशी फूट कागद ओकून ठेवला होता. चोराने दाबलेली कळ न् कळ त्यावर उमटली होती. संगणकातली नोंद मिटवता येते, कागदावर उमटलेली शाई दूर बसलेल्या चोराला कशी मिटवता येणार?

कागदाने युक्ती उघडी पाडली. ईमॅक्स या लोकप्रिय संपादन-प्रोग्राममधला टपाल हलवणारा भाग कोणतीही फाइल कुठेही, अगदी संगणकाच्या राखीव जागेतही, ठेवू शकत होता. संगणक दर पाच मिनिटांनी पूर्ण अधिकाराने जो प्रोग्राम चालवतो, त्याच्या जागी चोराने आपला बनावट प्रोग्राम ठेवला. कावळ्याच्या घरट्यात कोकिळा अंडे घालते आणि कावळा ते आपले म्हणून उबवतो, तसेच हे. संगणकाने अंडे उबवले आणि चोर मालक झाला. स्टॉलच्या एका सहकाऱ्याला आणखी एक खूण दिसली. चोराच्या आज्ञेत एक जादा अक्षर होते. युनिक्स या संगणकप्रणालीच्या बर्कली आवृत्तीत त्याची गरज नसते, दुसऱ्या घराण्याच्या युनिक्समध्ये असते. बोलीवरून माणसाचे गाव ओळखावे, तसे कळले की हा बर्कलीचा नव्हे.

नोबेलविजेते लुइस अल्वारेझ यांनी स्टॉलला सुचवले, की याकडे संशोधन म्हणून बघ. त्याने दार बंद केले नाही, वही उघडली.

पोलिसांचा अनुभव मात्र कडू होता. एफबीआयने नुकसान किती ते विचारले. पाऊण डॉलर हे उत्तर ऐकून रस संपला. पाच लाख डॉलरचे नुकसान असते तर गोष्ट वेगळी. हा उंबरठा मला आजही खटकतो. थोडक्या रकमेला गंडलेल्या माणसाला तक्रार नोंदवताना हाच प्रश्न आधी ऐकावा लागतो, आणि धागा मात्र अशाच रकमेला लागलेला असतो.

इकडे चोर बर्कलीतून लष्करी जाळ्यात शिरत होता. अणुशस्त्रे आणि अंतराळ संरक्षण या विषयांचे शब्द टाकून तो फाइली शोधे. सुमारे ४५० संगणकांची दारे त्याने ठोठावली, तीसहून जास्त उघडली. फार हुशारी लागली नाही. कित्येक ठिकाणी कारखान्यातून आलेला पासवर्डच कायम होता. तो नाजूक काही उतरवू लागला की स्टॉल किल्ल्यांचा जुडगा लाइनीच्या तारांवर घासे. चोराला वाटे, लाइन खराब आहे.

टिमनेट या जाळ्याच्या तंत्रज्ञाने माग अटलांटिकपलीकडे नेला. पश्चिम जर्मनी, ब्रेमेन, मग हॅनोव्हर. तिथे गाडी अडली. तिथले टेलिफोन एक्स्चेंज जुन्या यांत्रिक पद्धतीचे होते. रात्री तंत्रज्ञाने प्रत्यक्ष जाऊन एकेक जोडणी हाताने शोधायची, त्याला तासाच्या वर वेळ लागे. चोर तर काही मिनिटांत निघून जाई.

तोड काढली स्टॉलच्या मैत्रिणीने, मार्थाने. त्याला हवे ते वाढा, भरपूर वाढा. दोघांनी बसून ‘एसडीआयनेट’ नावाचा खोटा संरक्षण-प्रकल्प रचला. जुनी सरकारी परिपत्रके घेऊन त्यांत शब्द बदलले, एक काल्पनिक सेक्रेटरीही नेमली आणि माहिती हवी असल्यास तिला पत्र लिहा, असे कळवले. जानेवारी १९८७मध्ये चोर त्या ढिगावर तुटून पडला. तो वाचत राहिला, उतरवत राहिला, आणि हॅनोव्हरच्या एक्स्चेंजमधल्या माणसाला पहिल्यांदा पुरेसा वेळ मिळाला. तार एका घरापर्यंत पोहोचली.

त्यानंतर बराच काळ जर्मनीकडून काहीच कळले नाही. एप्रिलमध्ये प्रयोगशाळेत टपालाने पत्र आले, पिट्सबर्गहून. कोणीतरी खऱ्याखुऱ्या पाकिटातून, कधीच अस्तित्वात नसलेल्या त्या सेक्रेटरीकडे, प्रकल्पाची कागदपत्रे मागत होते. ते नाव फक्त त्या खोट्या फाइलींतच होते. म्हणजे हॅनोव्हरला पोहोचलेला चोरीचा माल दुसऱ्या कुणाच्या तरी हाती गेला होता.

जून १९८७मध्ये जर्मन पोलिसांनी मार्कुस हेस या तरुणाच्या घराची झडती घेतली. अटकसत्र झाले ते मार्च १९८९मध्ये. माल पूर्व बर्लिनमध्ये सोव्हिएत केजीबीला विकला जात होता. फेब्रुवारी १९९०मध्ये सेले इथल्या न्यायालयाने हेसला हेरगिरीसाठी दोषी ठरवले, पण तुरुंगवासाची शिक्षा स्थगित ठेवली. त्या खटल्यात साक्ष द्यायला स्टॉल कॅलिफोर्नियाहून गेला होता. आरोपी म्हणून समोर बसला होता तो माणूस, ज्याने दाबलेल्या कळा त्याने रात्र रात्र जागून कागदावर वाचल्या होत्या.