वातरोधक काच, मोटारगाडीची

मोटारगाडीच्या पुढील भागात, चालकाच्या समोर बसविलेली पारदर्शक सुरक्षा काच. तिला विंडशील्ड किंवा विंडस्क्रीन असेही म्हणतात. वारा, धूळ, पाऊस व उडणारे खडे यांपासून प्रवाशांचे संरक्षण करणे हे तिचे मूळ कार्य होय. आधुनिक गाडीत मात्र ती सांगाड्याला चिकटविलेली असल्याने सांगाड्याच्या बळकटीतही तिचा वाटा असतो. म्हणून तडा गेलेली काच बदलताना ती सांगाड्याशी किती पक्की जोडली जाते, याला काचेइतकेच महत्त्व आहे.

इतिहास : सुरुवातीच्या गाड्यांत साधी काच वापरीत. अपघातात तिचे लांब व धारदार तुकडे होऊन प्रवाशांना गंभीर जखमा होत. १९०३ मध्ये एद्वार बेनेदिक्त्यूस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत खाली पडलेला एक चंबू फुटूनही विखुरला नाही. त्याच्या आतील पृष्ठावर सेल्युलोज नायट्रेटाचा पातळ थर राहिला होता. यावरून त्यांनी स्तरित काच तयार केली व १९०९ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून संरक्षण करणाऱ्या मुखवट्यांत ही काच वापरण्यात आली व १९३० च्या सुमारास ती मोटारगाड्यांत रूढ होऊ लागली. सेल्युलोज नायट्रेट उन्हाने पिवळे पडत असे. १९४० च्या सुमारास त्याच्या जागी पॉलिव्हिनिल ब्युटिरल हे लवचिक बहुवारिक आले. १९६६ पासून अमेरिकन गाड्यांत या थराची जाडी ०·३८ मिमी. वरून ०·७६ मिमी. करण्यात आली. त्यामुळे आघाताच्या वेळी प्रवाशाचे डोके काचेतून आरपार जाण्याचा धोका पुष्कळ कमी झाला.

रचना : सु. २ मिमी. जाडीच्या दोन काचा उष्णतेने एकाच आकारात वाकवून त्यांच्यामध्ये बहुवारिकाचा पापुद्रा ठेवतात व उष्णता आणि दाब यांच्या साहाय्याने तिन्ही थर एकजीव करतात. अशी काच फुटली, तरी तुकडे मधल्या थराला चिकटून राहतात. दरवाज्यांच्या खिडक्यांत बहुधा दृढ केलेली काच असते. ती फुटल्यावर तिचे बोथट, बारीक कण होतात. पूर्वी पुढील बाजूसही ही काच वापरीत. परंतु खडा लागताच सर्व काचभर तड्यांचे जाळे पसरून चालकाला समोरचे दिसेनासे होई. [⟶ काच].

तडा जाण्याची कारणे : काच दाब चांगला सोसते, पण ताण सोसत नाही. खड्याच्या आघाताने बाहेरील थरावर टवका उडतो आणि त्याच्या टोकाशी ताण एकवटतो. पुढे उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतणे, वातानुकूलनाचा थंड झोत एकाएकी सोडणे किंवा खडबडीत रस्त्यावर सांगाडा पिळला जाणे एवढ्यानेही टवक्यातून तडा निघून पसरतो. तड्याच्या टोकाशी पोहोचलेल्या पाण्यामुळे काचेतील रासायनिक बंध अधिक सहज तुटतात. त्यामुळे दमट हवेत तडा हळूहळू वाढत राहतो. काचेच्या कडेजवळील तडे विशेष धोक्याचे असतात.

दुरुस्ती की बदल : फक्त बाहेरील थरावरचा नाण्याएवढा ताजा टवका दुरुस्त करता येतो. त्यातील हवा काढून पातळ रेझीन भरतात व जंबुपार किरणांनी ते घट्ट करतात. तडा लांब असल्यास, कडेपर्यंत गेल्यास, दोन्ही थरांतून गेल्यास किंवा चालकाच्या नजरेच्या पट्ट्यात असल्यास काच बदलणेच योग्य ठरते. ब्रिटनमधील वार्षिक वाहनतपासणीत सुकाणू चक्राच्या मध्यरेषेवरील २९० मिमी. रुंदीच्या पट्ट्यात १० मिमी. पेक्षा मोठा दोष चालत नाही.

काच बदलण्याची क्रिया : जुन्या गाड्यांत काच खाचा असलेल्या रबरी पट्टीत बसविलेली असे. नवी काच बसविताना पट्टीच्या खाचेत दोरी घालून काच बाहेरून चौकटीत टेकवीत व आतून दोरी ओढून पट्टीची कड चौकटीवर चढवीत. सांप्रतच्या बहुतेक गाड्यांत पॉलियुरेथेन आसंजक वापरतात. प्रथम पुसणी (वायपर), आरसा व कडेच्या पट्ट्या काढून जुना आसंजक सुरीने वा तारेने कापतात. चौकटीवर त्याचा एक-दोन मिमी. जाडीचा थर मुद्दाम ठेवतात, कारण नवा आसंजक त्यावर उत्तम धरतो. रंग खरवडला गेल्यास तेथे अस्तर (प्रायमर) लावतात. अन्यथा गंज चढून जोड सुटतो. नव्या काचेची कड स्वच्छ करून तिलाही अस्तर देतात. काचेच्या कडेचा काळा पट्टा आसंजकाचे जंबुपार किरणांपासून रक्षण करतो. त्यानंतर आसंजकाचा अखंड, त्रिकोणी छेदाचा ओघळ घालून काच चूषण-पकडींनी उचलून एकदाच नेमकी बसवितात.

हा आसंजक हवेतील बाष्प शोषून घट्ट होतो. थंड व कोरड्या हवेत त्याला अधिक वेळ लागतो. गाडी चालविण्यास योग्य होण्याचा अवधी आसंजकाच्या प्रकारानुसार सु. एक तासापासून एक दिवसापर्यंत असतो. तोपर्यंत खिडकी किंचित उघडी ठेवतात, म्हणजे दार आपटल्याने आतील हवेचा दाब काचेवर येत नाही. हा अवधी पाळणे अत्यावश्यक आहे. गाडी उलटल्यास छप्पर चेपू नये यासाठी काचेचा आधार होतो; तसेच अनेक गाड्यांत पुढील प्रवाशाची हवापिशवी (एअरबॅग) फुगताना काचेवरच टेकते. जोड कच्चा असल्यास काच बाहेर फेकली जाऊन दोन्ही संरक्षणे निष्फळ होतात. काचेमागे कॅमेरा असलेल्या गाड्यांत, तो मार्गिका व अडथळे अचूक ओळखावा म्हणून त्याचे अंशशोधनही पुन्हा करावे लागते.

भारतातील नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील नियम १०० नुसार वाहनाच्या काचा सुरक्षा काचेच्या असाव्या लागतात व पुढील काचेतून किमान ७० टक्के प्रकाश पार जावा लागतो. रस्त्यावरील वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ (भाग २) हे भारतीय मानक आहे. नवी काच घेताना तिच्या कोपऱ्यावरील मानकचिन्ह पाहून ती स्तरित असल्याची खात्री करणे इष्ट असते.