बांधाच्या पायथ्याशी संसार

गेल्या उन्हाळ्यात आम्ही नेपल्सला गेलो होतो. व्हेसुव्हियसकडे बोट दाखवत मुलीने विचारले, "बाबा, ज्वालामुखीच्या इतक्या जवळ या लोकांना झोप कशी लागते?" उत्तर परतीच्या विमानात सुचले: आपल्याला लागते तशीच! आपला स्खिपोल विमानतळ समुद्रसपाटीच्या तीनेक मीटर खाली आहे, आणि आमचे होफ्डोर्पचे घर १८५२ साली पंपांनी उपसून कोरड्या केलेल्या तळ्याच्या तळावर उभे आहे.

मंडळी, घाबरवण्याचा हेतू नाही. फेब्रुवारी १९५३ च्या महापुरात या देशात १,८३६ माणसे दगावली. त्यानंतर डेल्टा योजनेतून प्रचंड बांध आणि दरवाजे उभारले गेले. देशातल्या बऱ्याच बांधांची आणि पंपांची देखभाल वाटरस्खाप, म्हणजे पाणी मंडळे करतात. भाडेकरूंनाही येणारे वाटरस्खापचे बिल आपण कुरकुरत भरतो, ते यासाठीच. पाय कोरडे ठेवण्याचाच तो खर्च.

पण बांध फुटलाच तर घराचे पैसे कोण देणार? "विमा आहे ना," असे मीही वर्षानुवर्षे समजत होतो. जुलै २०२१ मध्ये लिंबर्गमध्ये पूर आला, तेव्हा पहिल्यांदा पॉलिसी नीट वाचली आणि चपापलो. मुसळधार पावसाचे नुकसान तीत होते. लहान नदी-कालव्याचा बांध फुटल्यास होणारेही होते. मात्र समुद्र आणि मोठ्या नद्यांवरचे मुख्य बांध फुटल्यास भरपाई नाही! इथल्या बहुतेक पॉलिसींत असेच असते. सरकारी मदतीचा कायदा आहे. पण तो लागू करायचा की नाही हे सरकार त्या त्या वेळी ठरवते, आणि मदत पूर्ण नुकसानीची नसते.

म्हणून पुढील गोष्टी जरूर करा:

१. घराचा (ओपस्टाल) आणि सामानाचा (इनबुडल) असे दोन्ही विमे तपासा. फ्लॅट असेल तर ओपस्टाल सहसा सोसायटीच्या, म्हणजे व्हीव्हीईच्या नावावर असतो; तिथे चौकशी करा. "पुरामध्ये नेमके काय धरले आहे?" हे कंपनीला लेखी विचारा.

२. गाडीचा नुसता डब्ल्यूए विमा असेल, तर पुरात आपल्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही.

३. तीन दिवस पुरेल असे सामान वरच्या मजल्यावर ठेवा: माणशी रोज तीन लिटर पाणी, कोरडा खाऊ, बॅटरी, रेडिओ. मधुमेह, रक्तदाबाची औषधे विसरू नका. पुराच्या पाण्यात सांडपाणी मिसळते. ते तोंडात जाऊ देऊ नका, जखमेला लागू देऊ नका.

४. पासपोर्ट, ओसीआय कार्ड, पदव्या, घराची कागदपत्रे वर हलवा आणि त्यांच्या प्रती दुसरीकडे ठेवा. आम्ही सॉफ्टवेअरवाले कचेरीत रोज बॅकअप घेतो. घरी मात्र सगळे खालच्या कपाटात!

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, तेव्हा आमची आजी पुण्यात होती. गेलेल्या भांड्यांपेक्षा भिजलेल्या कागदांची हळहळ तिला शेवटपर्यंत वाटे.

तहान लागल्यावर विहीर खणू नये म्हणतात. पाणी दारात आल्यावर पॉलिसीही वाचू नये. या रविवारी चहा घेता घेता ती काढाच.