कटिवेधोत्तर डोकेदुखी
अल्झायमर रोगाच्या निदानासाठी कमरेच्या दोन मणक्यांमधील फटीतून सुई घालून मस्तिष्क-मेरुद्रव काढतात (कटिवेध) व त्यातील अमिलॉइड आणि टाऊ ही प्रथिने मोजतात. सुईने मेरुरज्जूभोवतीच्या आवरणास पडलेल्या छिद्रातून हा द्रव झिरपत राहिल्यास डोके दुखते. जर्मन शस्त्रक्रियातज्ज्ञ आउगुस्ट बीर यांनी १८९८ मध्ये ही वेदना स्वतः अनुभवली. उठून बसल्यावर ती वाढते, आडवे झाल्यावर कमी होते. बारीक, बोथट टोकाची सुई वापरल्यास तिचे प्रमाण घटते. वृद्धांत ती तरुणांपेक्षा कमी आढळते. बहुधा ती काही दिवसांत थांबते. अन्यथा रुग्णाचेच रक्त आवरणाबाहेर टोचून छिद्र बुजवितात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास वेदना नेमकी सांगता येतेच असे नाही. म्हणून बसताच तो अस्वस्थ होतो काय, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवणे आवश्यक असते.