भंगारात निघालेल्या संगणकाला पडदा दाखवणारे हात कुणाचे?

मच्छे : खानापूर रस्त्यावरच्या मच्छेत एकीकडे औद्योगिक वसाहतीतले कारखाने, तर दुसरीकडे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा 'ज्ञान संगम' परिसर. दोन्हीकडे संगणक लागतोच. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा मोफत आधार संपला आणि जुन्या यंत्रांचं काय करायचं, हा प्रश्न शाळा, छोटी कार्यालयं, वर्कशॉप अशा सगळ्यांपुढे आला. विंडोज ११ साठी साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्याआधीची यंत्रं चालू असूनही बाद ठरतात. मग अनेक जण लिनक्सकडे वळतात. पण लिनक्स टाकल्यावर पडद्यावर चित्र नीट उमटेल का, हे ठरतं ड्रायव्हरवर.

ड्रायव्हर म्हणजे काय, हे मच्छेतल्या कामगाराला लगेच कळेल. ग्राहक कारखान्यात ड्रॉइंग आणून देतो. प्रोग्रामर त्या ड्रॉइंगवरून मशीनला कळणारा प्रोग्राम लिहितो. कुठलं काम कुठल्या मशीनवर आणि कधी लावायचं, हे सुपरवायझर ठरवतो. संगणकातही असंच असतंय. ब्राउझर किंवा गेम 'हे चित्र काढ' अशी ऑर्डर देतो. 'मेसा' नावाची लायब्ररी ती ऑर्डर ग्राफिक्स चिपच्या भाषेत उतरवते. लिनक्सच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला ड्रायव्हर चिपची मेमरी आणि कामाचा क्रम सांभाळतो.

मेसाची सुरुवात ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये केली. आज त्यावर जगभरातले लोक काम करतात. काहींना कंपन्या पगार देतात, काही हौसेने करतात. त्यांच्यापुढची मोठी अडचण म्हणजे चिपची माहिती. इंटेल स्वतःच खुले ड्रायव्हर लिहिते. एएमडीने २००७ मध्ये माहिती खुली करायला सुरुवात केली. एनव्हीडियाने मात्र बराच काळ हात आखडता घेतला. मॅन्युअल नसलेलं मशीन चालवून, निरखून त्याची रीत शोधावी, तसा 'नूव्हो' हा ड्रायव्हर तयार झाला. अखेर मे २०२२ मध्ये एनव्हीडियानेही आपल्या ड्रायव्हरचा कर्नेलमधला भाग खुला केला.

जुन्या यंत्रांच्या दृष्टीने महत्त्वाचं नाव म्हणजे 'क्रोकस'. साधारण २००६ ते २०१३ मधल्या इंटेल ग्राफिक्ससाठी हा ड्रायव्हर २०२१ मध्ये मेसात नव्याने आला. त्याच वर्षाच्या अखेरीस मेसाने जुन्या पद्धतीचे ड्रायव्हर मुख्य शाखेतून काढून टाकले. क्रोकस आधीच तयार होता म्हणून ही यंत्रं वाऱ्यावर पडली नाहीत. कंपनीला ज्यात धंदा उरला नव्हता, ते काम कोड खुला असल्यामुळे होऊ शकलं.

अक्षरांचंही तसंच आहे. 'दुसऱ्या'मधला ऱ्य असो की कन्नडमधला ओत्तक्षर, जोडाक्षरं नीट बसवण्याचं काम 'हार्फबझ' ही खुली लायब्ररी करते. फायरफॉक्स, क्रोम आणि अँड्रॉइडमध्येही तीच आहे. सीमाभागात एकाच पडद्यावर दोन्ही भाषा वाचाव्या लागतात, तिथे याचं मोल जास्त.

या कामात उतरायला महागडं कार्ड लागतंच असं नाही. कर्नेलमध्ये २०१८ पासून 'व्हीकेएमएस' नावाचा आभासी ड्रायव्हर आहे, त्याला खरं हार्डवेअर लागत नाही. सी भाषा येणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला साध्या लॅपटॉपवर तिथून सुरुवात करता येते. मात्र पाठवलेला प्रत्येक बदल जाणकार तपासतात, चुका काढतात, पुन्हा लिहायला लावतात. चिकाटी हवी.

जुना संगणक भंगारात देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघावं. यंत्रातला डेटा न हलवता हे करता येतं. सेटिंग्जमधल्या माहितीच्या पानावर ग्राफिक्ससमोर 'एलएलव्हीएमपाइप' असं दिसलं, तर ड्रायव्हर लागलेला नाही आणि चित्राचा सगळा भार प्रोसेसरच वाहतोय, असं समजावं. तिथे चिपचं नाव दिसलं, तर त्या यंत्रात अजून काही वर्षांचं काम शिल्लक आहे.