मे महिना, मागचं परस आणि साप-विंचू

मे महिन्यात आमच्या कोकणातल्या घरी पंधरा-वीस माणसं जमतात. सकाळी पोरं सड्यावर करवंदांना जातात, दुपारी आगरात रायवळ आंबे वेचतात आणि रात्री पडवीत जमिनीवरच ओळीने अंथरुणं पडतात. गेल्या वर्षी दुसऱ्याच दिवशी माझा सात वर्षांचा भाचा ओरडत आला, "मामा, मागे साप!" न्हाणीमागून एक लांबलचक धामण गडग्यात शिरत होती. शेजारचा मुलगा काठी घेऊन धावला, पण आईने त्याला अडवलं. "जाऊ दे रे तिला. घरातले उंदीर तीच खाते."

आईचं बरोबर होतं. धामण, दिवड, नानेटी, कवड्या हे आपल्या परसात नेहमी दिसणारे साप बिनविषारी आहेत. माणसाच्या जिवावर उठणारे मुख्य साप चारच: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. पण हीच आई त्या संध्याकाळी बॅटरी न घेता सोडणं आणायला गेली आणि ढिगात हात घालताच तिला विंचू चावला. अर्ध्या तासात तिला दरदरून घाम सुटला, उलटी झाली आणि हातपाय गार पडले. कुणी मंत्र घालणाऱ्याचं नाव सुचवलं, कुणी कांदा चोळायला सांगितलं. आम्ही थेट ग्रामीण रुग्णालय गाठलं.

कोकणातला लाल विंचू चावल्यावर नुसत्या वेदना झाल्या तर काळजी कमी. पण घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही विष हृदयावर परिणाम करू लागल्याची खूण असते आणि लहान मुलांना हा धोका अधिक. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांवर प्राझोसिन हे मुळात रक्तदाबावरचं औषध वापरून दाखवलं आणि या दंशाने होणारे मृत्यू खूपच घटले. त्यांना २०२२ मध्ये 'पद्मश्री' मिळाली. आईलाही तेच औषध दिलं गेलं. रात्रभर देखरेखीखाली राहून ती दुसऱ्या दिवशी घरी आली. हे औषध मात्र डॉक्टरांनीच द्यायचं असतं.

सापाच्या बाबतीत वेळेचं मोल आणखी मोठं आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं दगावली, असा संशोधकांचा अंदाज आहे. यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली.

प्रत्येक सापाची तऱ्हा वेगळी. फुरसे जेमतेम फूट-दीड फुटाचं. करवंदं काढायला आपण जातो त्याच सड्यावर ते दगडाखाली बसलेलं असतं. ते चावलं की रक्त गोठेनासं होतं. म्हणून डॉक्टर रुग्णाचं थोडं रक्त काचेच्या कोरड्या नळीत २० मिनिटं ठेवून ते गोठतं का, हे पाहतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश फारसा दुखत नाही, सूजही नसते. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. 'काही चावलेलं आठवत नाही' म्हणून घरी थांबणं इथे जिवावर बेततं.

साप चावला तर रुग्णाला धीर द्या, चालवू नका. अंगठ्या, बांगड्या, पैंजण काढा. हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा किंवा मिळेल त्या वाहनाने निघा. घट्ट आवळून बांधणं, चिरा देणं, तोंडाने विष ओढणं यांनी नुकसानच होतं. साप मारून आणायची गरज नाही, कारण आपल्याकडची प्रतिविषाची लस या चारही सापांच्या विषावर चालते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात ही लस आहे, ते गावी पोचल्या दिवशीच विचारून ठेवा.

या वर्षी आम्ही सोडणं आणि लाकडं घरापासून लांब रचली आहेत. पोरं सड्यावर बूट घालून जातात आणि जाळीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघतात. पडवीत मच्छरदाण्या लागल्या असून त्यांच्या कडा अंथरुणाखाली खोचलेल्या असतात. मागच्या दाराशी खिळ्याला एक बॅटरी टांगली आहे. दिवेलागणीनंतर कुणी तशीच मागे निघाली की भाचा ओरडतो, "आजी, बॅटरी!"

धामण अजून गडग्यातच आहे.