वनमुक्काम
वनमुक्काम : अरण्यातील पायवाटेच्या किंवा घोडवाटेच्या कडेला, पक्का निवारा व इतर सोयी नसताना, अल्प साहित्यानिशी केलेला रात्रीचा मुक्काम. पाणी, सरपण व संरक्षण यांची तजवीज प्रवाशालाच करावी लागत असल्याने जागेच्या निवडीस त्यात विशेष महत्त्व असते.

वऱ्हाडात अमरावती जिल्ह्यातील मेळघाट व त्यास लागून असलेला अकोला जिल्ह्यातील नरनाळा किल्ल्याचा परिसर हे याचे प्रमुख क्षेत्र होय. सातपुड्याच्या गाविलगड टेकड्यांत पसरलेले हे अरण्य सागप्रधान, शुष्क पानझडी प्रकारचे असून खंडू, खापरा, सिपना, गडगा व डोलार या नद्या त्यातून तापीकडे वाहतात. डिसेंबर १८०३ मध्ये गाविलगडाच्या वेढ्यासाठी इंग्रज फौजेने याच डोंगरांतून वाट काढून तोफा किल्ल्याच्या उत्तर बाजूस नेल्या. ब्रिटिश अमदानीत वनाधिकारी घोड्यावरून फिरती करीत व तंबूत राहत. बैलांवरून मालवाहतूक करणारे बंजारा तांडे असोत वा अधिकाऱ्यांचे डेरे, तळासाठी पाण्याची जवळीक हाच पहिला निकष असे.

आज हा निकष उलटा झाला आहे. उन्हाळ्यात नद्या आटून मोजकेच डोह उरतात. तेथे माणसाचा तळ पडल्यास वन्य प्राणी रात्रभर पाण्यावाचून राहतात. गळालेला पाचोळा व वाळलेले गवत यांमुळे चुलीची एक ठिणगीही वणव्यास पुरते. म्हणून वनविभाग जाळरेषा काढून आगीस अटकाव करतो. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात परवान्याशिवाय प्रवेश करता येत नाही व तेथे धोका उत्पन्न होईल अशा रीतीने विस्तव पेटविण्यास मनाई आहे. त्यामुळे वाटसरूने मन मानेल तेथे तळ ठोकण्याची जुनी रीत येथे उरलेली नाही. सेमाडोह, कोलकास यांसारख्या ठिकाणच्या निवासांतच पर्यटकांची राहण्याची सोय असते.

जुन्या वनमुक्कामाचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे बुद्ध पौर्णिमेची मचाणावरील रात्र. पूर्वी या रात्री पाणवठ्यांवर बसून प्राण्यांची गणना करीत. वाघांच्या गणनेसाठी स्वयंचलित कॅमेरे वापरात आल्यानंतरही निसर्गानुभव म्हणून हा उपक्रम चालू राहिला. येथेही मुक्काम पाण्याजवळच असतो. मात्र विस्तव न पेटविता, आवाज न करता व पाण्याला हात न लावता तो पार पाडावा लागतो.