पांढऱ्यात पांढरं शोधताना

मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे. दोन प्लेटांमध्ये स्तन काही सेकंद घट्ट दाबतात. दुखतं खरं, पण त्यामुळे आतला भाग पसरतो, चित्र स्पष्ट येतं आणि किरणही कमी लागतात. फोटोत चरबी काळसर दिसते. दूधग्रंथी पांढऱ्या आणि गाठही पांढरीच. तरुणपणी ग्रंथी दाट, म्हणून गाठ त्यांत सहज लपते. तिशीच्या आतल्या बाईला डॉक्टर आधी सोनोग्राफी सांगतात, ती यासाठीच. पाण्याची गाठ की भरीव, हे तिथे चांगलं कळतं.

रिपोर्टमधल्या ‘बायरॅड्स’च्या आकड्यावरून घरोघरी उगाच रडारड होते. तो कॅन्सरचा टप्पा नव्हे, संशयाची पायरी. ० म्हणजे तपासणी अपुरी, २ निरुपद्रवी. ४ आला की सुईने तुकडा काढून तपासायचा. त्यातल्याही बऱ्याच गाठी साध्याच निघतात.

आणि यंत्रच नसेल तर? मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने १९९८पासून दीड लाखावर बायकांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हातानेच तपासत. तिथे पन्नाशीपुढच्या बायकांमधले स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फायदा दिसला नाही.